बाहेरच्या बाकावर एक सकाळ

(पेडणे तालुक्यातील एका वाचनालयात अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान, संपादित.)

मुलांनो, मांद्रे इथून जवळ आहे, म्हणून सुरुवात भाऊ दाजी लाड यांच्यापासून करते. मांद्र्यात जन्मलेले भाऊ मुंबईला गेले, शिकले आणि तिथल्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत शिकवू लागले. 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा हातची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. 1851 मध्ये पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि पुढे कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. काय सोडतो आहोत आणि कशासाठी, हे त्यांना माहीत होते.

मला माहीत नव्हते. बारावीला मार्क चांगले पडले, बाबांनी फॉर्म भरला आणि मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेले. तुला हे करायचे आहे का, असे मला कुणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.

आता सगळ्या घरांत 'नीट' या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचीच चर्चा असते. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. अभ्यास करायलाच हवा, त्यात वाद नाही. पण आजारी माणसाजवळ तुम्हाला बसवते का, हे त्या पेपरात विचारत नाहीत.

मला ते वॉर्डमध्ये कळले. शुगरमुळे पायाला जखम झालेली एक आजी होती. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा वासाने मी दोन पावले मागे सरले, आणि ते आजीने पाहिले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. रोज धुवायचे, मेलेले मांस काढायचे, पट्टी बांधायची. तीन आठवड्यांनी जखमेच्या तळाशी लालसर दाणेदार मांस भरू लागले. त्या सकाळी मी चहा न घेताच वॉर्डात पळाले होते, काल किती भरले होते आणि आज किती, हे बघायला. आपण इथेच राहणार, हे मला त्या दिवशी समजले.

माझ्याच तुकडीतला एक मुलगा माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. वॉर्डात त्याचा जीव गुदमरायचा. तो पॅथॉलॉजीकडे वळला आणि सूक्ष्मदर्शकापुढे रमला. असाही रस्ता असतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे. पण तिथे पोचेपर्यंतची वॉर्डातली वर्षे त्यालाही काढावीच लागली.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब या देशभरातल्या मधुमेह सर्वेक्षणात गोव्यात मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. तुम्ही इथे डॉक्टर झालात, तर तुमच्यापुढे रोज हीच माणसे येतील, वीस-वीस वर्षे. 'दोतोर, परवा जत्रा होती, काल बारसे होते, गोळी राहिली.' त्याच माणसाला तेच शंभराव्यांदा सांगायचे, आणि शंभराव्यांदाही आवाज चढू द्यायचा नाही. सिनेमातल्या ऑपरेशनपेक्षा मला हे अवघड वाटते. आपण ओरडलो की तो पुढच्या महिन्यात येत नाही. येतो तो थेट पाय काळा पडल्यावर.

डॉक्टरला गावही माहीत असावे लागते. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. हा विषाणू गोचिडीतून येतो. तापाने फणफणलेला माणूस समोर आला की 'काजूच्या बागेत गेला होता का?' हे विचारायचे सुचले पाहिजे. त्यासाठी काजूचा हंगाम कधी असतो आणि बागेत पालापाचोळा कोण गोळा करते, हे ठाऊक हवे. घरात काजूची बाग असलेल्या मुलांना हे आधीच ठाऊक असते. स्वतःला कमी समजू नका.

वर्षांचा हिशेब थोडक्यात सांगते. एमबीबीएस साडेचार वर्षे, इंटर्नशिप एक, एमडी किंवा एमएस तीन, सुपरस्पेशालिटी आणखी तीन. मध्ये एकही वर्ष न गमावता तिशी येते. तोवर मित्र घर बांधून मोकळे झालेले असतात. ज्यांना खासगी कॉलेजसाठी जमीन विकावी लागणार आहे, त्यांनी मुलाला आधी समोर बसवून विचारावे. त्याचे उत्तर 'नाही' आले, तर रागावू नये. सतराव्या वर्षी आईबापांसमोर 'नाही' म्हणायला फार धैर्य लागते.

आणि ज्यांचे अजून ठरत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. माझी ओपीडी सोमवारी नऊला सुरू होते. आत पेशंटचे खासगी बोलणे असते, तिथे मी कुणाला बसवणार नाही. पण बाहेरच्या बाकावर जागा आहे. एक वाजेपर्यंत बसा, मोबाईल घरी ठेवा. म्हाताऱ्यांना केसपेपर काढून द्या, कुणाला उठवत नसेल तर हात द्या. कुणी आजाराबद्दल बोलू लागले तर ऐका. मग आत या आणि मला सांगा, कितीदा घड्याळ पाहिले.