आखाजीला सोनं घेतलं का?

आखाजीला सोनं घेतलं का? जळगावात राहणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. आमची सुवर्णनगरीच ना! आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि मोबाइलवर ‘घडणावळीवर खास सूट’. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, हे खरंच. पण गुंजभर तरी घेतलंच पाहिजे, नाहीतर वर्ष रितं जाईल, ही धाकधूक जाहिरातींनी लावलेली आहे.

आता जरा खेड्याकडे चला. तिथे या दिवशी खरेदी होते मातीच्या घागरीची. ती पाण्याने भरायची, तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, सोबत आंबा आणि सांजोरी. हे सगळं पितरांच्या नावाने. वैशाखात खानदेशात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. गेलेल्या माणसाला तरी दुसरं काय देणार? पाणीच. मग खापरावरची पुरणपोळी आणि आमरस.

पण खरी मजा लेकींची. मुराळी जाऊन बहिणीला घेऊन येतो. निंबाला झोके बांधलेले, गौराई बसलेली, अहिराणी गाण्यांतून सासूचा यथेच्छ उद्धार! सासरी तोंड मिटून असणारी बाई इथे झोक्यावर उभी राहून गाते. पुरुष काय करतात? पत्ते कुटतात. पैसे लावून. तेही सांगायला हवं.

म्हणजे जुना सण निर्मळ आणि नवा तेवढा पैशाचा, असं काही नाही. आखाजी हा हिशेबाचाच दिवस. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं, नवं तिथूनच धरतात. रोख किती, धान्य किती, यावर घासाघीस होते. उचल फिटली नसेल तर गड्याला त्याच मालकाकडे पुन्हा राबावं लागायचं. त्याच्यासाठी हा सण किती गोड होता, कोण जाणे.

फरक मला एवढाच दिसतो, की आखाजीचा हिशेब समोरासमोर बसून व्हायचा, माणसामाणसांत. सराफाच्या दुकानात आपण एकटेच, आणि समोर पाटी. हौस असेल तर जरूर घ्या. फक्त सूट नेमकी कशावर आहे ते विचारा, आणि घडणावळ, 3 टक्के जीएसटी धरून बिल बघा. भाव चढलेला असेल तर मुहूर्त तो उतरवत नाही.

तुमच्याकडे घागरीवर काय ठेवतात, कमेंटमध्ये लिहा. आणि हो, आमचं डांगर म्हणजे खरबूज. भोपळा नव्हे!