अथेन्सचे चौघे : आर.ई.एम. या बँडची घडण

(दृश्य : अथेन्सचा मुख्य रस्ता, विद्यापीठाची लोखंडी कमान, रेकॉर्डच्या दुकानाची पाटी.)

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरापासून मोटारीने दीड-दोन तासांवर अथेन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जिया विद्यापीठाभोवतीच त्याचा सारा दिनक्रम बांधलेला असतो. सत्र चालू असले की रस्ते गजबजतात आणि सुट्टी लागली की ओस पडतात. सत्तरच्या दशकात येथे राहणे स्वस्त होते, चित्रकला शिकायला आलेली तरुण मंडळी पुष्कळ होती, आणि संध्याकाळ घालवण्यासाठी कोणाच्या तरी घरी जमून नाचगाणे करणे हाच त्यांचा मुख्य विरंगुळा होता. अशाच एका घरगुती मेजवानीत १९७७ साली ‘द बी-फिफ्टी-टूज’ हा बँड पहिल्यांदा वाजला आणि पुढे न्यूयॉर्क गाजवून आला. त्यांच्यामागून कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा ‘पायलॉन’ उभा राहिला. आपल्या गावातला बँड देशभर ऐकला जाऊ शकतो, हे अथेन्सच्या तरुणांनी अशा रीतीने डोळ्यांनी पाहिलेले होते.

आर.ई.एम.चे भावी गिटारवादक पीटर बक हे गावातल्या ‘वक्सट्री’ या रेकॉर्डच्या दुकानात काम करत असत. दुकानात आलेल्या चांगल्या रेकॉर्ड ते आधी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवत, आणि नेमक्या त्याच रेकॉर्ड मागणारा एक लाजाळू विद्यार्थी वारंवार येऊ लागला. तो विद्यार्थी म्हणजे बँडचे भावी गायक मायकेल स्टाइप. वडील सैन्यात असल्यामुळे स्टाइप यांचे बालपण गावोगावी बदल्यांमध्ये गेले होते, आणि अथेन्सला ते चित्रकला व छायाचित्रण शिकण्यासाठी आले होते. गायिका पॅटी स्मिथ आणि ‘टेलिव्हिजन’ व ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे बँड ही दोघांची समान दैवते होती, आणि मैत्री जुळायला तेवढे पुरेसे होते.

उरलेले दोघे, माइक मिल्स आणि बिल बेरी, हे मेकन गावचे आणि एकाच शाळेतले. सुरुवातीला त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. एकदा दोघांनाही वादनासाठी वेगवेगळे बोलावणे आले, समोरासमोर वाद्ये घेऊन उभे राहावे लागले, आणि तेव्हापासून मिल्स यांची बेस गिटार व बेरी यांचे ड्रम्स यांची जी जोडी जमली ती पुढे वीसहून अधिक वर्षे तुटली नाही. बेरी यांनी मेकनमधल्या एका कार्यक्रम ठरवणाऱ्या संस्थेत किरकोळ नोकरीही केली होती. तेथे त्यांची ओळख इयन कोपलंड यांच्याशी झाली. इयन यांचे एक भाऊ माइल्स यांनी ‘आय.आर.एस.’ ही रेकॉर्ड कंपनी काढली, तर दुसरे भाऊ स्टुअर्ट हे ‘द पोलीस’ या बँडचे ड्रमवादक. या ओळखीचा उपयोग पुढे झाला.

(दृश्य : ओकोनी रस्त्यावरील चर्चचा उरलेला मनोरा.)

ओकोनी रस्त्यावर एक जुने चर्च होते. प्रार्थना बंद होऊन तेथे भाडेकरू राहू लागले होते, आणि बक व स्टाइप हे त्या भाडेकरूंपैकी होते. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त या चर्चमध्ये चौघांनी पहिला कार्यक्रम केला. तोपर्यंत बँडला नावही नव्हते. काही दिवसांनी स्टाइप यांनी शब्दकोश उघडून ‘आर.ई.एम.’ ही अक्षरे निवडली. चर्चची इमारत १९९० मध्ये पाडण्यात आली आणि आज केवळ मनोरा उभा आहे.

यानंतरची दोन वर्षे या बँडच्या कथेत सर्वांत महत्त्वाची आहेत असे मला वाटते, कारण पुढे जे काही झाले त्याचा पाया या काळात घातला गेला. त्या वेळच्या अमेरिकेत मोठ्या व्यापारी रेडिओ केंद्रांवर कोणते गाणे वाजवायचे हे बहुधा सल्लागारांनी आखलेल्या याद्यांवरून ठरे, आणि अशा यादीत अनोळखी गावाच्या अनोळखी बँडला जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. मात्र एफएम पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग तेथील नियमांनुसार शैक्षणिक व अव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. तेथे विद्यापीठांची लहान लहान केंद्रे होती आणि ती विद्यार्थीच चालवत असत. जाहिरातदाराची धास्ती नसल्यामुळे ही मुले स्वतःला आवडेल ते रात्र-रात्र वाजवत. त्या केंद्राच्या आवाक्यात येणाऱ्या गावात एखादा बार असे, एखादे रेकॉर्डचे दुकान असे, हाताने छापलेले एखादे नियतकालिक असे. अशी शेकडो गावे एकमेकांना जोडली तर एक समांतर देशच तयार होत होता, आणि आर.ई.एम.ने आपले पहिले श्रोते त्या देशात शोधले.

त्यासाठी हिंडणे भाग होते. नॉर्थ कॅरोलायनातील एका कार्यक्रमात त्यांना ऐकून भारावलेले जेफरसन होल्ट आपले गाव सोडून अथेन्सला आले, बँडचे व्यवस्थापक झाले आणि जुन्या निळ्या व्हॅनचे चालकही झाले. पिझ्झाच्या दुकानात, बारमध्ये, जेथे विजेची जोडणी आणि उभे राहायला जागा मिळेल तेथे त्यांनी वाजवले. जेवणाखर्चासाठी प्रत्येकाला दिवसाला २ डॉलर मिळत. दक्षिणेतील बहुतेक बँड नाव काढायचे म्हणून न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस गाठत असताना या चौघांनी बिऱ्हाड अथेन्समध्येच ठेवले, आणि प्रत्येक दौरा संपला की ते तेथेच परतत राहिले.

याच काळात चौघांनी आपसांत एक व्यवस्था ठरवली. गाण्याची मूळ कल्पना कोणाचीही असो, श्रेय बेरी, बक, मिल्स आणि स्टाइप अशा वर्णानुक्रमाने चौघांना मिळेल आणि पैसाही सारखाच वाटला जाईल. कोणताही निर्णय चौघांच्या संमतीने होईल आणि एकानेही नकार दिला तर ती गोष्ट होणार नाही. रॉक बँडमधली भांडणे फार वेळा पैशावरून आणि श्रेयावरून पेटतात. येथे ते जळणच काढून टाकलेले होते. या बँडच्या उत्कर्षाचे कारण विचारले तर मी त्यांच्या सुरावटीच्याही आधी या कराराकडे बोट दाखवीन.

(ध्वनी : ‘रेडिओ फ्री युरोप’ची सुरुवात, हळूहळू पार्श्वभूमीला जाते.)

१९८१ च्या एप्रिलमध्ये हे चौघे मिच ईस्टर यांच्याकडे गेले. नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम गावी, आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये ईस्टर यांनी ‘ड्राइव्ह-इन’ नावाचा स्टुडिओ थाटला होता. तेथे मुद्रित झालेले ‘रेडिओ फ्री युरोप’ त्या जुलैमध्ये ‘हिब-टोन’ या अटलांटातील छोट्या कंपनीने सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, म्हणून काढले. पहिल्या खेपेला १००० प्रती निघाल्या आणि त्यांतील ६०० रेडिओ केंद्रे व समीक्षक यांच्याकडे पाठवण्यात आल्या. एवढ्या लहान प्रयत्नाला मिळालेला प्रतिसाद मोठा होता, कारण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वर्षातील दहा उत्तम सिंगल्समध्ये त्याची गणना केली.

मग मोठ्या कंपन्यांचे लक्ष गेले. आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीसाठी त्यांनी चाचणी ध्वनिमुद्रणही केले, परंतु १९८२ च्या मे महिन्यात सही केली ती माइल्स कोपलंड यांच्या आय.आर.एस.शी. पहिली लहान तबकडी ऑगस्टमध्ये आली. पूर्ण लांबीच्या अल्बमसाठी कंपनीने आधी स्टीफन हेग हे निर्माते सुचवले. हेग यांचा भर तांत्रिक अचूकतेवर होता. एकच गाणे त्यांनी बँडकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतले, ज्यामुळे बेरी खचून गेले, आणि नंतर बँडच्या अनुपस्थितीत त्यावर कीबोर्डचे थर चढवले. चौघांनी कंपनीकडे ईस्टर यांची मागणी केली. कंपनीने ती मान्य केली आणि ईस्टर व डॉन डिक्सन यांच्यासह १९८३ च्या आरंभी शार्लट येथे ‘मर्मर’ ध्वनिमुद्रित झाला.

‘मर्मर’ ऐकताना काय घडते ते जरा थांबून सांगायला हवे. त्या वर्षी सगळीकडे सिंथेसायझरचा सुळसुळाट होता, आणि गिटारवादकाने मध्येच पुढे येऊन दीर्घ एकल वादन करणे हा रॉकचा रिवाज होता. बँडने दोन्ही गोष्टी नाकारल्या. बक आपल्या रिकनबॅकर गिटारवर तारा एकत्र न छेडता सुटे स्वर एकामागून एक उमटवतात. त्यामुळे गिटार गाण्याला झाकत नाही आणि सूर सांभाळण्याचे काम मिल्स यांच्या बेस गिटारकडे जाते. बेस जणू दुसरे गाणेच गात असतो. बेरी यांचे ड्रम्स कमालीचे संयमी आहेत. या सर्वांच्या मधोमध, पुढे नव्हे, स्टाइप यांचा आवाज येतो. शब्द अर्धे कळतात, अर्धे निसटतात, आणि ऐकणारा ते पुन्हा शोधत राहतो. मुखपृष्ठावर दक्षिणेत सर्वत्र माजलेल्या कुडझूच्या वेलींचे छायाचित्र आहे, आणि त्या संगीतालाही तीच दाट, ओलसर भूमी लाभली आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने मायकेल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’ला मागे ठेवून ‘मर्मर’ला १९८३ चा सर्वोत्तम अल्बम ठरवले. खप मात्र त्या काळात सुमारे २ लाखांवर थांबला आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो ३६ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘द पोलीस’च्या आधी वाजवण्याची संधी मिळाली. प्रचंड गर्दीसमोर दुसऱ्याच्या कार्यक्रमाची सुरुवात करून देण्याचा हा अनुभव त्यांना रुचला नाही, आणि स्वतःच्या नावावर भरतील अशा लहान सभागृहांकडे ते परतले. ऑक्टोबरमध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, अजून नावही न ठेवलेले एक नवे गाणे त्यांनी देशासमोर गायले.

१९८४ चा अल्बम लवकर उरकला. १९८५ च्या अल्बमसाठी ते लंडनला निर्माते जो बॉइड यांच्याकडे गेले, तेव्हा थंडी, पाऊस आणि थकवा यांमुळे बँड फुटण्याच्या बेतात आला होता. १९८६ मध्ये निर्माते डॉन गेहमन यांनी स्टाइप यांना शब्द स्पष्ट उच्चारायला लावले आणि त्या अल्बमने ५ लाखांचा टप्पा ओलांडला. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’पासून स्कॉट लिट हे सहनिर्माते झाले. त्यातील ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले, अल्बम १० लाख खपला, आणि वर्ष सरता सरता ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर त्यांना अमेरिकेतील सर्वोत्तम रॉक बँड म्हटले गेले. पहिल्या कार्यक्रमापासून हा पल्ला गाठायला साडेसात वर्षे लागली होती, आणि दरवर्षी श्रोते आधीपेक्षा थोडे वाढले होते.

आय.आर.एस.चे अमेरिकेबाहेरचे वितरण तोकडे पडत होते. म्हणून १९८८ मध्ये, संगीताविषयीचे सर्व अधिकार आपल्याकडे ठेवून, त्यांनी वॉर्नर ब्रदर्सशी करार केला. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना हा विश्वासघात वाटला. मला तसे वाटत नाही, कारण करार बदलला तरी निर्णय घेण्याची पद्धत तीच राहिली. त्याचा पुरावा १९९१ च्या ‘आउट ऑफ टाइम’मध्ये आहे. मोठ्या कंपनीचा अल्बम निघाला की जगभर दौरा करायचा हा तेव्हाचा शिरस्ता होता, परंतु चौघांनी दौरा न करण्याचे ठरवले. बक मेंडोलिन शिकत होते. टीव्ही पाहता पाहता केलेल्या सरावाच्या टेपवर त्यांना एक सुरावट सापडली आणि तिच्यापासून ‘लूझिंग माय रिलिजन’ तयार झाले. नेहमीच्या अर्थाने धृपद नसलेले, मेंडोलिनवर चालणारे हे गाणे पहिले सिंगल म्हणून काढायला कंपनी कचरत होती. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी त्याची चित्रफीत दिग्दर्शित केली आणि तिला एमटीव्हीचा वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार मिळाला. अल्बम अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. सुरावट बक यांना सापडलेली असली तरी रेकॉर्डवर नावे चौघांची होती.

(दृश्य : चौघांची कृष्णधवल छायाचित्रे.)

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम चालू असताना बेरी यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीला इजा झाली. ते बरे झाले, पण १९९७ मध्ये त्यांनी बँड सोडला. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे त्यांनी इतरांना सांगितले होते. उरलेले तिघे २०११ पर्यंत एकत्र राहिले. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे गीतकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आर.ई.एम.चा समावेश झाला, तेव्हा गीतकार म्हणून बेरी, बक, मिल्स आणि स्टाइप या चौघांचाही सन्मान करण्यात आला, आणि बेरी यांना सोबत घेऊन त्यांनी ‘लूझिंग माय रिलिजन’ वाजवले.