काजूच्या बागेतला ताप, लावणीतला ताप

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या डोंगरउतारावर फेब्रुवारीपासून काजूची बी गोळा करायला माणसं बागेत उतरतात. पायाखाली वाळलेला पाला आणि त्या पाल्यात गोचीड. २०१६ साली या तालुक्यात, गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाची साथ आली. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार.

ताप आला की रक्त तपासतात. गावात 'पेशी कमी झाल्यात' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बोलणं प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं असतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्यांचं काम जंतूंशी लढण्याचं. मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. माकडतापात आणि डेंगीतही हा आकडा बहुधा खाली येतो.

आता जुलै. गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालली आहे. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. ताप तसाच सणसणीत, पोटऱ्या ठणकतात. पण इथे पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. नेहमीच नाही, म्हणून खात्रीसाठी वेगळी तपासणी लागतेच. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगावं: काजूत गेलो होतो, लावणीला होतो.

कधी एकूण आकडा ठीक असतो, पण त्यातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतात. अनवाणी फिरणाऱ्या पोराच्या पोटात जंत असतील, किंवा दमा, अॅलर्जी असेल. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा लाखाच्या घरात गेला, तर मात्र रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन काचेवर रक्त पसरून पेशी बघाव्याच लागतात.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मुंबईत केमो (कर्करोगावरची औषधं) घेऊन रेल्वेने गावी परतणाऱ्यांची. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या घन मिलिमीटरला ५००च्या खाली गेल्या की साधा जंतूही जिवावर उठू शकतो. पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. त्याच नसतील तर जखमेत पू धरत नाही, जखम वरून बरी दिसते. ताप हीच एक खूण उरते. म्हणून अशा माणसाला ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नये. मिळेल ते वाहन करून रात्रीच मोठं रुग्णालय गाठावं, आणि शेवटच्या केमोची तारीख असलेली फाईल सोबत घ्यावी.