मॉरिस ऑक्सफर्ड: काउलीने घडवली आणि तिच्याच कंपनीने बिघडवली

नमस्कार मंडळी!

[स्क्रीनवर: सीरिज थ्री ऑक्सफर्ड, समोरून]

हा फोटो बघून निम्म्या लोकांनी खाली ‘ॲम्बेसेडर’ लिहायला घेतलं असेल. जरा थांबा. ही गाडी इंग्लंडमधली आहे, मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, १९५६ सालची. आपली ॲम्बेसेडर हिच्यावरून आली हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि त्यापुढे कुणी फारसं विचारत नाही. मला आज त्याच्या अलीकडचं सांगायचंय. ही गाडी घडली कशी, आणि तिच्यातला जो सगळ्यात डोकेबाज भाग होता तो तिच्याच कंपनीने अकरा वर्षांत काढून का टाकला.

‘ऑक्सफर्ड’ हे नाव का, तर विल्यम मॉरिस त्या गावचा. सायकली दुरुस्त करता करता हा माणूस मोटारींकडे वळला. १९१३ मध्ये त्याने आपली पहिली गाडी विकायला काढली, तीच पहिली मॉरिस ऑक्सफर्ड. कारखाना शेजारच्या काउलीत. पुढे तो लॉर्ड नफील्ड झाला. ऑक्सफर्ड हे नाव मध्ये काही वर्षं बाजूला पडलं होतं. ते परत आलं युद्धानंतर, आणि आपल्या कामाची गोष्ट तिथून सुरू होते.

आधी एका विचित्र कराबद्दल बोलू, कारण तो समजल्याशिवाय तेव्हाची ब्रिटिश इंजिनं समजत नाहीत.

[स्क्रीनवर: सूत्र]

ब्रिटनमध्ये मोटारीवरचा वार्षिक कर ‘हॉर्सपॉवर’वर बसायचा, पण ती हॉर्सपॉवर मशीनवर मोजलेली नसायची, कागदावर काढलेली असायची. सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. झालं. आता बघा, या हिशेबात पिस्टन किती वर-खाली जातो, म्हणजे स्ट्रोक किती, हे कुठेच नाही. मग कंपन्यांनी काय केलं? बोअर, म्हणजे सिलिंडरचा तो व्यास, बारीक ठेवला आणि स्ट्रोक लांबवला. कर कमी, इंजिन मोठं! मॉरिस एट, मॉरिस टेन ही नावं याच हिशेबातली. पण अशी अरुंद आणि उंच इंजिनं जोरात फिरायला नाखूश असतात. जानेवारी १९४८ पासून हा प्रकार बंद होऊन सरसकट दहा पौंड कर झाला. पण त्याच वर्षी आलेल्या ऑक्सफर्डचं इंजिन बघा: बोअर ७३.५ मिलिमीटर, स्ट्रोक ८७. कर गेला, सवय राहिली.

दुसरी अडचण पोलादाची. युद्धाने ब्रिटन कर्जात बुडालेलं. सरकारचं धोरण असं की जो गाड्या परदेशी पाठवेल त्याला पोलाद. घरच्या गिऱ्हाईकाने रांगेत थांबायचं, आणि गाडी मिळाली तरी ठरावीक मुदतीत विकणार नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे लायसन्स राज, वेटिंग लिस्ट वगैरे आपलीच मक्तेदारी होती असं समजू नका.

अशा दिवसांत, ऑक्टोबर १९४८ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मॉरिसने धाकटी मायनर आणि मधली ऑक्सफर्ड एमओ या दोन्ही गाड्या दाखवल्या. दोन्हींमागे एकच माणूस, ॲलेक इसिगोनिस. जन्म स्मर्ना शहरातला, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. मायनर बघून खुद्द लॉर्ड नफील्ड तिला ‘पोच्ड एग’ म्हणाले होते असं सांगतात. मालकानेच असं म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. ऑक्सफर्ड त्याच अंड्याची मोठी आवृत्ती दिसते, पण तिच्याखाली वाकून बघायला हवं.

[कॅमेरा टेबलावर: स्टीलची सळई आणि लाकडी पट्टी]

हा माझा घरगुती जुगाड. ही सळई म्हणजे टॉर्शन बार. गाडीत पुढच्या प्रत्येक चाकामागे अशी एक जाड सळई आहे, चेसिसच्या लांबीला समांतर. तिचं पुढचं टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जोडलेलं, मागचं टोक पार पुढच्या सीटखाली बॉडीला घट्ट बसवलेलं. चाक खड्ड्यातून उसळलं की आर्म वर जातो आणि सळई पिळली जाते, ओला पंचा पिळावा तशी. पिळलेलं पोलाद परत सरळ व्हायला बघतं आणि चाक खाली दाबतं. बस, एवढंच! उभी कॉइल स्प्रिंग नाही, की ती मावेल असा उंच खांब नाही. शिवाय हा सगळा भार गाडीच्या नाकावर न पडता मध्ये, मजबूत जागी येतो. सळई बसवताना थोडी फिरवून लावली की गाडीची पुढची उंचीही कमी-जास्त करता येते.

याला जोड होती रॅक अँड पिनियन स्टिअरिंगची. दातेरी पट्टी, दातेरी चाक, मध्ये फारसे सांधे नाहीत. तुम्ही स्टिअरिंग बोटभर हलवलं की चाकाला कळतं. त्या काळच्या बहुतेक घरगुती सलून गाड्यांत स्टिअरिंगला आधी थोडा ‘प्ले’ असायचा, मग गाडी वळायची. ऑक्सफर्ड लगेच वळायची. पुढच्या सीटवर तीन माणसं, हँडल गिअर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, मागे डिकीत सामान, आणि तरीही गाडी वळणावर नीट. कुटुंबाच्या गाडीला याहून काय हवं?

एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे दम. १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, शक्ती चाळीस-एक हॉर्सपॉवर. साइड व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. बनवायला स्वस्त, उघडायला सोपं, पण हवा आडवळणाने आत जाते आणि आडवळणाने बाहेर येते. युद्धापूर्वीची पद्धत. चढावर चालकाच्या कपाळाला आठ्या पडत असणार.

आता राजकारण. १९५२ मध्ये मॉरिसची नफील्ड कंपनी आणि तिची जानी दुश्मन ऑस्टिन एकत्र झाल्या, नाव ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन. सूत्रं गेली ऑस्टिनच्या लेनर्ड लॉर्डकडे. हा लॉर्ड (इथे ते आडनाव आहे, किताब नव्हे) पूर्वी मॉरिसमध्येच होता. १९३६ मध्ये नफील्डशी बिनसल्यावर बाहेर पडला आणि काउलीची वीट न् वीट उखडून टाकीन असं म्हणत गेला. तोच आता काउलीचा साहेब! विलीनीकरणाच्या सुमारास इसिगोनिस अल्विस कंपनीत निघून गेला.

मला मजा वाटते ती पुढच्या दोन गाड्यांची, कारण या भांडणात काही काळ दोन्ही घरांचं चांगलं तेच एकत्र आलं. १९५४ ची सीरिज टू बघा.

[स्क्रीनवर: सीरिज टू, बाजूने]

बॉडी नवी, गोल, आतून ऐसपैस. इंजिन ऑस्टिनच्या घरचं, १४८९ सीसीचं बी सीरिज, व्हॉल्व्ह आता वर हेडमध्ये. हेच इंजिन १९५५ पासून एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होतं, अर्थात जास्त ताकदीच्या अवतारात. म्हणजे तुमच्या काकांच्या ॲम्बेसेडरचं आणि त्या देखण्या दोन सीटरचं इंजिन सख्खं भावंड. आणि खाली? टॉर्शन बार तसेच, रॅक अँड पिनियन तसंच. काउलीचं चालणं आणि ऑस्टिनची ताकद. माझ्या मते ऑक्सफर्डच्या सगळ्या पिढ्यांमध्ये हीच खरी मोलाची. १९५६ च्या सीरिज थ्रीने हेच ठेवून बॉनेटवर त्या ओळखीच्या उभ्या रेघा आणल्या आणि मागे छोटे कल्ले, म्हणजे शेपटीला उभे पंख, काढले.

आणि १९५९ मध्ये सगळं संपलं.

कंपनीकडे पाच बॅज, म्हणजे ब्रँड, होते: ऑस्टिन, मॉरिस, वूल्झली, रायली आणि एमजी. पाचांचे विक्रेते वेगळे, प्रत्येकाला नवी गाडी हवी. साहेबांनी इटलीच्या पिनिन फारिनाकडून एक टोकदार, शेपटीला उंच कल्ले असलेली बॉडी घेतली आणि पाचांच्या गळ्यात तीच घातली. ग्रिल वेगळी, लाकूडकाम वेगळं, नाव वेगळं. फारिनाने त्याच सुमारास प्यूजो ४०४ ही केली, आणि फियाटची १८०० ही त्याच वळणाची. तिन्ही शेजारी उभ्या केल्या तर कुणाचं काय हे ओळखायला वेळ लागतो.

दिसण्याची मला तक्रार नाही. तक्रार खालची. सीरिज फाइव्ह ऑक्सफर्डमधून टॉर्शन बार गेले, त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. रॅक गेलं, त्याच्या जागी जुन्या धाटणीचा कॅम स्टिअरिंग बॉक्स. पाच गाड्यांना एकच सांगाडा म्हटल्यावर तो ऑस्टिनच्या वळणाचा निघाला, आणि काउलीचं जे खास होतं ते हिशेबात बसलं नाही. गंमत बघा, इसिगोनिस तोवर परत आला होता आणि त्याच १९५९ मध्ये त्याने मिनी आणली, रॅक अँड पिनियन असलेली. एकाच कंपनीने एका हाताने काढलं ते दुसऱ्या हाताने बसवलं.

१९६१ मध्ये सीरिज सिक्स आली. चाकांमधलं अंतर वाढवलं, अँटी-रोल बार लावले, इंजिन १६२२ सीसी केलं, कल्ले छाटले. वळणावर गाडी कलंडते या तक्रारीवर हा उतारा होता, आणि बऱ्यापैकी लागू पडला. खरं तर इसिगोनिसची ‘१८००’ ही नवी गाडी हिची जागा घेणार होती, पण साध्या गिऱ्हाईकाला ती पचली नाही. म्हणून ऑक्सफर्ड रेटली गेली थेट १९७१ पर्यंत.

१९७१ ला तिच्या जागी आली मॉरिस मरिना. तिच्या पुढच्या चाकांना काय होतं? टॉर्शन बार! जुन्या मायनरवरून घेतलेले. १९४८ ला जे काळाच्या पुढचं होतं ते १९७१ ला शिळं झालेलं. मरिनावर वळणं घेण्यावरून जी टीका झाली ती आजही थांबलेली नाही.

[स्क्रीनवर: ॲम्बेसेडर]

आता आपल्याकडे. बी. एम. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातच्या ओखा बंदरात सुरू झाली, मग बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. एमओ इथे ‘हिंदुस्तान १४’ म्हणून निघाली, सीरिज टू ‘लँडमास्टर’ म्हणून, आणि सीरिज थ्री १९५७-५८ मध्ये ‘ॲम्बेसेडर’ म्हणून. मुंबईकरांना टॅक्सी म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट असायची, त्यामुळे आपल्याकडे ॲम्बेसेडर म्हटलं की लाल दिवा आणि मंत्रालयच आठवतं. टॅक्सी म्हणून ती कोलकात्याची. पण खाली वाकून बघा: इंग्लंडने १९५९ ला ऑक्सफर्डमधून काढलेले टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन इथे दशकानुदशकं चालू राहिले. आपण काही मोठा तांत्रिक विचार करून ते ठेवलं असं मी म्हणणार नाही. बंद बाजारपेठ होती, साचे हातात होते, बदलायची गरज पडली नाही. पण आपल्या रस्त्यांवर ते टिकलं, हेही खरं. उत्पादन थांबलं मे २०१४ मध्ये.

आणि एक किस्सा राहिलाच. १९९३ मध्ये लंडनच्या एका आयातदाराने ॲम्बेसेडर उलट ब्रिटनमध्ये नेऊन विकायचा घाट घातला, ‘फुलबोर मार्क टेन’ या नावाने. तिथल्या नियमांसाठी हीटर आणि सीट बेल्ट वेगळे बसवावे लागले. अगदी मोजक्या गाड्या विकल्या गेल्या आणि त्या आयातदाराचं दिवाळं वाजलं.