झोपायच्या वेळेचा वास

पावसाळ्यात संध्याकाळी गोव्यातल्या म्हार्दोळला गेलात तर जायांचे, म्हणजे जाईच्या फुलांचे, हार विकणाऱ्या बायका दिसतील. कळ्या तेव्हा मिटलेल्याच असतात, अंधार पडत आला की उमलायला लागतात आणि मग वास सुटतो, तो रात्रभर. महालसेच्या देवळात तर जायांची पूजाच असते. आता गंमत अशी की या वासात लिनालूल नावाचं एक द्रव्य असतं, आणि तेच द्रव्य लव्हेंडरच्या तेलात भरपूर असतं, ज्याची छोटीशी बाटली पणजीत-म्हापशात कुठेही मिळते आणि वर छापलेलं असतं, शांत झोपेसाठी.

मग ही बाटली खरंच झोप आणते का?

वासाचं काम इतर इंद्रियांपेक्षा वेगळं चालतं बघा. आपण जे ऐकतो, बघतो ते आधी मेंदूतल्या थॅलॅमसकडे जातं आणि तिथून पुढे पाठवलं जातं. वास ही वाट धरत नाही, नाकातून थेट ऑल्फॅक्टरी बल्ब, म्हणजे मेंदूतला वास हाताळणारा भाग, आणि तिथून लगेच अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस, म्हणजे जिथे भीती, माया, आठवणी हे सगळं सांभाळलं जातं तिथेच. म्हणून तर आजीच्या पेटीतल्या साडीचा वास आला की काय आठवतंय हे कळायच्या आधीच आत काहीतरी हलतं. नाकातले वास ओळखणारे रिसेप्टर शोधले म्हणून रिचर्ड अ‍ॅक्सल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं.

अशा सुगंधी तेलांनी उपचार करण्याला अरोमाथेरपी म्हणतात, हे नाव रूढ झालं ते गॅटफोसे या फ्रेंच केमिस्टच्या १९३७ च्या पुस्तकामुळे. १९१० साली लॅबमध्ये स्फोट होऊन तो भाजला होता आणि त्या जखमांवर त्यानं लव्हेंडरचं तेल वापरलं, म्हणजे त्याची गोष्ट सुरू झाली जखमेपासून, झोपेपासून नाही.

झोपेवर अभ्यास झालेत, पण बरेचसे छोटे. लव्हेंडरचा वास घेतल्यावर झोप बरी लागली असं लोक सांगतात, फरक असतो पण बेताचाच, आणि त्यात एक मोठी अडचण आहे, अभ्यासात तुलनेसाठी गोळी खोटी देता येते, वास लपवता येत नाही, नाकाला कळतंच आपल्याला काय दिलंय ते. म्हणून मला वाटतं तेलाला औषध न म्हणता खूण म्हणावं. रोज त्याच वेळी, लाईट बंद, मोबाईल लांब, आणि तोच एक वास, असं चालू ठेवलं की शरीर हळूहळू वास आणि झोप यांची सांगड घालतं.

कळंगुटच्या हॉटेलांत नाईट शिफ्ट करणाऱ्यांना हे जास्त उपयोगाचं, कारण त्यांची रात्र सकाळी नऊला सुरू होते, बाहेर मासेवाल्याचा भोंगा वाजतोय, ऊन खिडकीतून आत येतंय, आणि शरीर म्हणतंय उठायची वेळ झाली. अशा वेळी आधी जाड पडदा, मग पंखा, आणि मग रुमालावर तेलाचे एक-दोन थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब ठेवायचा. हा वास फक्त झोपेसाठीच राखून ठेवायचा. दिवसभर तोच रूम फ्रेशनर मारत राहिलात तर त्या वासाला झोपेचा काही अर्थच उरणार नाही. आणि लव्हेंडर आवडत नसेल तर हट्ट नको, वाळा घ्या, चंदन घ्या, जो वास तुम्हाला निवांत करतो तो. पेपरमिंट नि रोजमेरी मात्र रात्री नकोच, त्यानं तरतरी येते.

आता थोडं सांभाळून. शुद्ध तेल थेट कातडीवर लावायचं नाही, आपलं घाण्याचं खोबरेल आहे ना, ३० मिलीला साधारण सहा थेंब, म्हणजे एक टक्का होतं, तेवढं पुरे. आपल्याकडच्या उकाड्यात उघडी बाटली तशीच राहिली तर हवेनं लिनालूल बदलतं आणि त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून गडद काचेची बाटली, झाकण घट्ट आणि जागा थंड. स्वस्तातल्या बाटलीवर नुसतं फ्रेग्रन्स ऑईल लिहिलेलं असेल तर ते फुलातून काढलेलं तेल असेलच असं नाही, लेबल वाचून घ्या. डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र, अर्धा-एक तास बस, रात्रभर नको. घरात दमा असेल, मांजर असेल तर डिफ्युझर लावूच नका, मांजराच्या लिव्हरला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. लहान मुलांच्या हाती निलगिरी किंवा कापराचं तेल लागू देऊ नका, पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

आणि आठवड्यातून तीन रात्री तरी झोप येत नाही, असं तीन महिने चाललंय, तर तेल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून सीबीटी-आय नावाची बोलण्याची, सवयी बदलण्याची थेरपी देतात, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे तिच्याबद्दल विचारा. घोरताना मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर तेही सांगा. जायच्या आधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, कधी आडवे झालात, कधी झोप लागली, रात्री किती वेळा उठलात, चहा शेवटचा कधी घेतला, आणि ती वही सोबत न्या.