किकवरचं झिजलेलं रबर

(अडगळीतल्या वस्तूंचे फोटो काढण्याविषयी छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

नमस्कार. आजच्या कार्यक्रमासाठी तुम्ही जे फोटो पाठवलेत ते सगळे मी पाहिले, काही पुन्हा पुन्हा पाहिले. कुलपं आहेत, शिवणयंत्रं आहेत, तांब्याचा बंब आहे, माळ्यावरची ट्रंक आहे. स्कूटर तर बऱ्याच जणांनी पाठवल्यात. वस्तू एकाहून एक आहेत. पण फोटो बघताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. बहुतेकांनी वस्तू जुनी आहे एवढंच टिपलंय. गंज दिसला, जळमटं दिसली, रंगाचे पोपडे दिसले, की काढला फोटो. अहो, जुनेपण प्रत्येक वस्तूला येतं, नुसती पडून राहिली तरी येतं. फोटोत यायला हवा तो वापर. कुणाचा हात कुठे लागत होता, पाय कुठे पडत होता, काय झिजलं आणि काय कोरं राहिलं. आज मला याच एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

पडद्यावरचा हा फोटो बघा. जिन्याखाली उभी असलेली बजाज चेतक. उभ्याउभ्या, डोळ्यांच्या उंचीवरून, मोबाइलनं काढलेला फोटो आहे. स्कूटर मधोमध, अख्खी. मागे विजेचे मीटर, बाजूला खराटा आणि निळी बादली, वर पेटलेली ट्यूब. यातून काय कळतं? इथे एक स्कूटर आहे, आणि बरेच दिवस कुणी तिला हात लावलेला नाही. बस्स. आता, ही गाडी आपल्यापैकी निम्म्या घरांनी वापरलेली आहे. 1972 मध्ये चेतक आली. पुढे कितीतरी वर्षं ती मिळवायला नंबर लावून थांबावं लागायचं. पुढे फूटबोर्डवर पोरगं उभं, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर दुसरं पोर. गाडी चालू होईना की ती एका अंगावर कलती करायची, परत सरळ करायची आणि मारायची किक. हे सगळं त्या गाडीच्या अंगावर आहे. शोधायला हवं.

मी फोटो पाठवणाऱ्यांना विचारलं आणि गाडी बघायला गेलो. किकच्या दांड्यावरचं रबर बघितलं. त्याच्यावर आडव्या खाचा असतात. बाहेरच्या टोकाकडच्या खाचा अजून शाबूत होत्या. आतल्या बाजूला, जिथे चपलेचा मधला भाग पडायचा, तिथे रबर गुळगुळीत झालेलं, आणि एका जागी तर आतलं लोखंड डोकावत होतं. म्हणजे माणूस दर वेळी त्याच जागी पाय ठेवत होता. डावी मूठ बघितली. चेतकला क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हातात, मूठ फिरवून गिअर टाकायचा. तिथलं रबर पिळवटल्यासारखं झालेलं. उजवी मूठ त्या मानानं बरीच चांगली. या दोन जागा म्हणजे त्या स्कूटरचे दोन फोटो. तिसऱ्याची गरज नाही.

आता ते काढायचे कसे? पहिली गोष्ट, खाली बसा. किक जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आहे, तिचा फोटो पाच फुटांवरून कसा येणार? कॅमेरा किकच्या पातळीला आणा. मोबाइल असेल तर वस्तूला चिकटू नका. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते, अगदी जवळ गेलं की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा, आकार खरा येतो. दुसरी गोष्ट, ट्यूब बंद करा. समोरून पडणारा सपाट उजेड झीज पुसून टाकतो. जिन्याच्या दारातून सकाळी आडवा उजेड येत होता. दार अर्धं लोटलं तर उजेडाची अरुंद पट्टी झाली आणि ती रबरावर तिरकी पडली. प्रत्येक खाचेची सावली उठली आणि जिथे खाच नाही तो भाग एकदम उघडा पडला. झीज दिसते ती अशी, शेजारच्या न झिजलेल्या भागामुळे. म्हणून फोटोत दोन्ही हवेत. नुसता गुळगुळीत भाग भरून घेतला तर पाहणाऱ्याला काही कळत नाही.

तिसरी गोष्ट मोबाइलवाल्यांसाठी खास. अंधारी जागा दिसली की मोबाइल ती आपणहून उजळतो. त्याला वाटतं, तुम्हाला सगळं दिसायला हवंय. तसं नकोय. स्क्रीनवर रबरावर बोट टेका, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. मागचे मीटर अंधारात जाऊ द्यात. सावली काळी राहिली तरच उजेडाला काही किंमत येते.

एकानं मघाशी विचारलं, बादली हलवली तर चालेल का. माझ्या मते चालेल. बादली त्या गाडीच्या आयुष्याचा भाग नाही, काल कुणीतरी आणून ठेवलीय. पण गाडीवरची धूळ पुसू नका, आणि गंज गडद दिसावा म्हणून पाणी शिंपडू नका. हल्ली सर्रास शिंपडतात. ओल्या गंजाचा रंग सुंदर येतो हे खरं आहे. मग पावसाळ्याची वाट बघा. उघड्यावर पडलेल्या वस्तूवर पाऊस पडून गेला आणि आभाळ भरलेलं असलं की तासभर जो रंग असतो, तो बाटलीतल्या पाण्यानं येत नाही.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. खरखरीत वस्तूला तिरका, अरुंद उजेड. चकचकीत वस्तूला मोठा, मऊ उजेड. दोन उदाहरणं देतो.

माझ्याकडे एक प्रभाकर कंदील आहे, कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काचकारखान्यातून निघालेला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांमध्ये वीज येण्याआधी हाच कंदील होता. काच फुटलेली, पत्रा गंजलेला. समोरून फोटो काढला तर तो कुठलाही कंदील वाटतो. संध्याकाळी खिडकीशी ठेवला आणि उजेड पत्र्याला जवळजवळ समांतर येऊ दिला, तेव्हा टाकीवरची उठावाची अक्षरं वर आली, गंजानं अर्धी खाल्लेली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वात कमीजास्त करायची चकती. बाकी सगळ्या कंदिलावर गंज, पण चकतीच्या कडेला धातू अजून घासलेला होता. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी अंगठ्यानं आणि तर्जनीनं ती फिरवली होती. फोटो चकतीचा काढला. कंदील मागे धूसर राहिला, ओळखू येण्यापुरता.

दुसरं उदाहरण पितळेच्या पातेल्याचं. पितळेला कल्हई का लावतात हे इथल्या मोठ्यांना सांगायला नको. ताक किंवा आमटी तशीच ठेवली की कळकते, म्हणून कल्हईवाला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. हा थर झिजतो. पण सगळीकडे सारखा नाही झिजत. उलथनं किंवा पळी जिथे फिरते तिथे आधी जातो. जुन्या पातेल्याच्या आत डोकावून बघा. कडेला पांढुरकी कल्हई, आणि तळाशी एका बाजूला पिवळ्या पितळेची कमान उघडी पडलेली. ती ढवळणाऱ्या हाताची वाट आहे. मी जे पातेलं बघितलं त्यात ती कमान उजवीकडे जास्त खोल होती. त्या घरातल्या आजी उजव्या हातानं ढवळायच्या आणि जोर बाहेरच्या बाजूला द्यायच्या, एवढं ते पातेलं न विचारता सांगतं. मला विचाराल तर कुठल्याही कोरीव समईपेक्षा हे पातेलं फोटोच्या दृष्टीनं श्रीमंत आहे.

त्याचा फोटो मात्र अवघड. धातू चमकतो, आत खिडकी दिसते, तुमचं तोंड दिसतं, मोबाइल दिसतो. इथे अरुंद उजेड चालत नाही. खिडकीवर पांढरं धोतर किंवा जुनी साडी ताणून बांधा, म्हणजे खिडकी हाच एक मोठा मऊ दिवा होतो. खिडकीसमोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा, सावली भरून निघते. कॅमेरा स्टँडवर बरोबर वरून, आणि कॅमेऱ्याला काळं कापड गुंडाळा. आणि हा फोटो रंगीतच हवा. पांढरी कल्हई आणि पिवळं पितळ यांच्यातला फरक हाच तर विषय आहे, कृष्णधवल केलात की तो गेला.

हे मुद्दाम सांगतोय. जुनी वस्तू दिसली की लोक आधी रंग काढून टाकतात, वर तपकिरी छटा देतात. झाला म्हणे जुना फोटो. कृष्णधवल करायचं तर कारण हवं. कंदिलाचा फोटो मी कृष्णधवल केला, कारण तिथे अक्षरांचा उठाव आणि चकतीची चमक हवी होती, गंजाचा नारिंगी रंग लक्ष खेचून घेत होता. आणि करतानाही नुसता फिल्टर लावू नका. गंज नारिंगी असतो, त्यामुळे संपादनात नारिंगी रंगाची पट्टी वर नेली तर गंज राखाडी-पांढरा होतो, खाली नेली तर कोळशासारखा काळा होतो. एकाच फोटोतून दोन वेगळ्या वस्तू निघतात. निवड तुमची आहे, ती यंत्रावर सोडू नका.

रंगाचं याहून मोठं उदाहरण जपानच्या इशिउची मियाको या छायाचित्रकार बाईंचं आहे. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात अणुबॉम्बमध्ये सापडलेल्या माणसांचे कपडे जपून ठेवलेत, त्यांच्या घरच्यांनी दिलेले. 2007 पासून या बाई त्या कपड्यांचे फोटो काढताहेत. रंगीत. फ्रॉक, ब्लाऊज, फुलाफुलांचं कापड. काही कपडे त्यांनी खालून उजेड येणाऱ्या पेटीवर ठेवले, त्यामुळे विणीतून उजेड आरपार येतो. जळालेली भोकं दिसतात, पण त्याआधी शिवण दिसते, गुंडी दिसते, आवडीनं निवडलेलं कापड दिसतं. कुणीतरी हा कपडा हौसेनं घातला होता, हे आधी पोचतं. मग भोकाकडे बघवत नाही. मी हे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा पुढचं पान उलटायला मला वेळ लागला. इथे कसलीही सजावट नाही. कपडा सरळ पसरलाय, उजेड सारखा आहे, पार्श्वभूमी रिकामी आहे. इतक्या थोडक्यात एवढं मोठं काम होतं, कारण त्यांनी वापराची खूण नजरेआड होऊ दिली नाही.

अर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकारानं 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटकं उचलून स्टुडिओत आणली आणि त्यांचे प्लॅटिनमच्या खर्चिक पद्धतीनं मोठे प्रिंट काढले. 1975 मध्ये ते तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात लागले. फॅशनच्या फोटोंसाठी जो नावाजलेला, त्यानं थोटकाला तेवढाच वेळ आणि तेवढाच उजेड दिला. कागद कुठे ओला होऊन फाटलाय, कुठे दाबून विझवलाय, सगळं दिसतं. आणि एडवर्ड वेस्टन या दुसऱ्या अमेरिकन छायाचित्रकारानं 1930 मध्ये ढोबळी मिरचीचा जो फोटो काढला, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूनं उजेड परतून तिच्या वळणांवर येतो. नरसाळं घरात असतंच. कुलूप, नळाची तोटी, घुंगरू, काहीही त्यात ठेवून बघा.

आपल्याकडचं बघायचं तर पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घराघरांतून अशाच वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, फण्या, वज्री, करंडे, आणि पुढे सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. राजा हे त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव. तिथे जाल तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवा. लोक अडकित्त्यावरचा मोर बघतात. तुम्ही दांड्यांचा आतला भाग बघा, जिथे बोटं दाबली जायची. डोळ्याला ही सवय लागली की घरातल्या माळ्यावर आपोआप दिसायला लागतं.

वस्तू मिळवायच्या कुठे? पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे जा, पण तिथेच फोटो काढायचा अट्टहास नको. दुपारचं ऊन डोक्यावर असतं, आणि वर निळी ताडपत्री असेल तर तिचा निळा उजेड पितळेला हिरवट करून टाकतो, तो नंतर नीट निघत नाही. काढायचाच असेल तर आधी विचारा. विक्रेत्याचा रोजगार त्या चादरीवर मांडलेला असतो, त्याच्या परवानगीशिवाय त्यावर कॅमेरा रोखणं बरं नाही. आणि विचारलं की एक फायदा होतो. तो सांगतो. ही चकती कशाची, ही पिन कुठल्या स्टोव्हची, हा दांडा कशाला बसायचा. मुंबईच्या चोरबाजारातही माझा हाच अनुभव आहे. वस्तू कशी वापरतात हे ठाऊक नसेल तर झीज कुठे शोधणार? मी तर म्हणेन, फोटोआधी ती वस्तू हातात धरा, जशी धरायची असते तशी. तुमचा अंगठा जिथे जाईल तिथेच आधीच्या माणसाचा गेला होता. तिथे उजेड पाडा. परवडली तर वस्तू विकत घ्या आणि घरच्या खिडकीशी आणा.

पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एकाच वस्तूचे फोटो आणायचे आहेत. वस्तू आपल्या किंवा शेजारच्या घरातली, वापरातून गेलेली. एक फोटो सकाळच्या उजेडात, एक ढगाळ वेळी, एक रात्री एकाच दिव्यात, कॅमेऱ्याची जागा न हलवता. सोबत चार ओळी लिहून आणा: ती कोण वापरत होतं, कशासाठी, आणि ती कुठे झिजलीय. वापरणारं माणूस हयात असेल तर आधी त्यांच्याशी बोलून या. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.