सिझेरियन: कुठे शंभरात एक्क्याऐंशी, कुठे जेमतेम चार

नमस्कार मंडळी! आज थेट आकड्यांवरच येते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातल्या खासगी दवाखान्यांमधली 81.5 टक्के बाळंतपणं सिझेरियन निघाली. बिहारच्या सरकारी दवाखान्यांत? 3.6 टक्के.

बिहारच्या बायका काटक असतात म्हणून, असं कुणी म्हणेल. मग ऐका, बिहारच्याच खासगी दवाखान्यांत हे प्रमाण 39.6 टक्के होतं. अवघड केसेस सरकारीतून तिकडे जातात हे मान्य, पण अकरापट?

सरकारी बाजूची अडचण समजून घ्या. सिझरला नुसता सर्जन पुरत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं, आणि ते सगळं रात्री दोन वाजता लागतं. एक जरी नसलं तरी कळा सुरू असलेल्या बाईच्या हातात रेफरची चिठ्ठी. मोझांबिकने यावर 1984 पासून वेगळाच मार्ग काढला. डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवल्या, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सिझेरियनचा मोठा भार त्यांनीच उचलला. आपल्याकडे एवढं धाडस कुणी करेलसं मला वाटत नाही.

आणि सिझर झालं म्हणजे बाई वाचलीच, असंही नाही. आफ्रिकेतल्या 22 देशांच्या अभ्यासात दर हजार सिझेरियनमागे पाचाहून जास्त माता दगावल्या. श्रीमंत देशांच्या तुलनेत हे साधारण पन्नासपट. रक्तस्राव आणि भुलीतली गुंतागुंत यांचा त्यात मोठा वाटा.

आता दुसरं टोक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लोकसंख्येत सिझेरियन 10 टक्क्यांच्या वर गेलं की मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. त्याच 2019-21च्या पाहणीत आपला महाराष्ट्र 25.4 वर होता. तेलंगणात तर मुहूर्त काढून पोट उघडतात. भटजींनी वेळ द्यायची, डॉक्टरांनी पाळायची! बाकी कारणं तुम्ही ऐकलेली आहेतच. ‘नाळ गळ्याभोवती आहे.’ अहो, दर तीन-चार बाळांत एकाच्या असते, आणि बहुतेक नॉर्मल जन्मतात.

खरी किंमत कधी कधी पुढच्या खेपेला मोजावी लागते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, जुन्या व्रणावरच रुजते, आत घुसते, बाळंतपणानंतर सुटत नाही. रक्त थांबेना म्हणून गर्भाशयच काढायची वेळ येते. दर सिझरमागे हा धोका वाढत जातो.

म्हणून ‘सिझर करावं लागेल’ म्हटलं की विचारा: त्रास आईला आहे की बाळाला? थोडं थांबता येईल का? थांबलो तर कशावर लक्ष ठेवाल? चांगले डॉक्टर याला चिडत नाहीत. पण बाळाचे ठोके घसरताहेत असं त्यांनी सांगितलं, तर गावाकडे फोन लावत बसू नका. सही करा आणि तिला आत जाऊ द्या.